तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आयुष्यभर करतो काय? अस्तित्ववाद आणि तौलनिक धर्माभ्यास, सोप्या भाषेत

सांगलीत कुणी विचारलं, "सर, तुमचा विषय कोणता?" आणि मी "तत्त्वज्ञान" म्हटलं, की बोलणं दोनपैकी एका वाटेला लागतं. काही जण घरातल्या अडचणी सांगतात आणि कोणती पोथी लावावी ते विचारतात. काही जण आवाज खाली आणून म्हणतात, "म्हणजे तुम्ही देव मानत नाही?" मग मी "अस्तित्ववाद आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास" असं पूर्ण सांगितलं की दोन्हीकडची माणसं गप्प होतात. ३२ वर्षं मी कॉलेजात हेच शिकवलं. नावं जड आहेत म्हणून लोक लांब राहतात, याचं मला वाईट वाटतं. कारण या विषयांत जे विचारलं जातं ते आपल्याकडच्या प्रत्येक घरात कधी ना कधी विचारलेलं असतं. म्हणून हा लेख.

अस्तित्ववाद शिकवताना मी मुलांना आधी मिरजेला नेतो. सतारमेकर गल्लीत एखाद्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहा. वाळलेले भोपळे टांगलेले असतात. कारागीर त्यातला एक काढतो, टिचकी मारून ऐकतो, फिरवून घेर बघतो. तबली बसायची आहे, दांडी जोडायची आहे, घोडी नाही, तारा नाहीत, जवारी, म्हणजे तारेचा झंकार, तर अगदी शेवटी निघणार. पण त्याच्या डोक्यात तानपुरा केव्हाच तयार झालेला असतो. आधी कल्पना, मग वस्तू.

फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांनी २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात हाच मुद्दा कागद कापायच्या सुरीवरून मांडला होता. सुरी बनवणाऱ्याला ती कशासाठी आहे हे आधीच ठाऊक असतं. मग त्यांनी विचारलं, माणसाचं काय? त्यांचं उत्तर असं की माणूस आधी जगात येऊन पडतो, आणि आपण कोण हे त्यानंतर, आपल्या वागण्यातून, घडवत जातो. आपण तानपुरा व्हावं की सतार, असा पेच भोपळ्याला पडत नाही. माणसाला पडतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालून मोकळं होता येत नाही. 'अस्तित्व आधी, सार नंतर' हे जे वाक्य पाठ करून मुलं परीक्षेला बसतात, त्याचा अर्थ हा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. वर्गात तासगावकडची मुलं असली की त्यांच्यातला कुणीतरी द्राक्षबागेचं उदाहरण देतो. छाटणी आगाप घेतली तर माल लवकर निघतो, दर बरा मिळतो. पण परतीच्या पावसाने गाठलं तर डाऊनी हा रोग येतो आणि घड हातचे जातात. तारीख ठरवायची बागायतदारानेच, आणि भोगायचंही त्यानेच. "सर, हाच अस्तित्ववाद ना?" मी म्हणतो, अर्धा. छाटणीची तारीख हा जोखमीचा हिशेब आहे. उद्या पावसाचा अंदाज अगदी अचूक मिळायला लागला तर तो सुटेल. अस्तित्ववादाचा प्रश्न तिथे सुरू होतो, जिथे माहिती कितीही वाढली तरी उत्तर बाहेरून येत नाही. ही बाग सोडून मी शहरात जावं का? गेलो तर मी कोण होईन? राहिलो तर कोण? हे कुठलंही हवामान खातं सांगू शकत नाही.

अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी निवड झालेली, घरी आई आजारी, वडील दिवसभर बागेत. "जाऊ की राहू?" मला सार्त्र यांच्या त्याच व्याख्यानातला विद्यार्थी आठवला. त्याचा भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेला होता आणि आई याच्याच तोंडाकडे बघून जगत होती. इंग्लंडला जाऊन फ्रान्ससाठी लढावं की आईजवळ राहावं, हे विचारायला तो आला होता. सार्त्र यांनी त्याला एवढंच सांगितलं की तू मोकळा आहेस, तूच निवड. अनेकांना हे निष्ठुर वाटतं. मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं. पण सल्ला कुणाकडे मागायला जायचं हे निवडताना माणसाने उत्तर जवळजवळ निवडलेलंच असतं, हे त्यांचं निरीक्षण मला अजून खोडून काढता आलेलं नाही.

आठवड्याने ती मुलगी परत आली. "सर, घरच्यांनी ठरवलं." मी विचारलं, "घरच्यांनी ठरवलं, आणि तू?" ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मी त्यांचं ऐकायचं ठरवलं."

या दोन वाक्यांतलं अंतर म्हणजे सार्त्र यांची 'आत्मवंचना'. "घरच्यांनी ठरवलं", "नशिबात होतं", "सगळे असंच करतात" असं म्हणताना आपण आपली निवड आपल्यापासूनच लपवतो. फसवणारा मीच आणि फसणाराही मीच. ती मुलगी राहिली यात काही चुकलं नाही; गेली असती तरी चुकलं नसतं. तिने निवड स्वतःच्या नावावर लावून घेतली, याचं मोल मला मोठं वाटतं.

सार्त्र यांच्या शंभर वर्षं आधी, कोपनहेगनमध्ये, डॅनिश विचारवंत सोरेन किर्केगार्ड यांनी या सगळ्याची पायाभरणी केली. भीती आणि घालमेल यांतला फरक त्यांनी दाखवला. सज्जनगडाच्या कड्यावर उभं असताना दगड निसटेल अशी वाटते ती भीती. तिला बाहेरचं कारण असतं. पण पाय पुढे टाकायचा की मागे घ्यायचा हे सर्वस्वी माझ्याच हातात आहे, या जाणिवेने जे गरगरतं ती घालमेल. १८४४ च्या एका ग्रंथात त्यांनी तिला स्वातंत्र्याची भोवळ म्हटलं आहे.

लोकांचा एक गैरसमज इथेच काढून टाकतो. अस्तित्ववादी म्हणजे नास्तिक, असं नाही. सार्त्र नास्तिक होते. किर्केगार्ड कळवळून श्रद्धा ठेवणारे ख्रिस्ती होते, गाब्रिएल मार्सेल कॅथलिक, मार्टिन बूबर ज्यू. सार्त्र म्हणतात, माणसाचा कारागीरच नाही. किर्केगार्ड म्हणतील, कारागीर आहे, पण त्याने काढलेला आराखडा मला वाचता येत नाही, आणि तरी त्याच्या भरवशावर मला पाऊल टाकायचं आहे. घालमेल दोघांनाही चुकलेली नाही. म्हणूनच अस्तित्ववाद शिकवणाऱ्या माणसाच्या दारात धर्म आपल्या पायांनी चालत येतो.

आता दुसरा विषय. 'तौलनिक' या शब्दाने लोकांना वाटतं की कुणाचा धर्म चांगला हे ठरवायचं आहे. सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांनी तसं केलंही. सगळे धर्म एका शिडीवर चढवले आणि वरच्या पायरीवर आपला ठेवला. पण या शास्त्राचा पाया घालणारे माक्स म्युलर यांनी १८७० मध्ये लंडनच्या व्याख्यानांत एक मर्माची गोष्ट सांगितली होती: ज्याला एकच धर्म माहीत आहे त्याला एकही माहीत नाही. भाषेबद्दलचं जर्मन कवी ग्योटे यांचं वचन त्यांनी धर्माला लावलं होतं. मराठीखेरीज दुसरी भाषा शिकल्यावरच आपल्याला मराठीची घडण दिसायला लागते, तसं.

आमच्याकडे या अभ्यासासाठी लांब जावं लागत नाही. सांगलीचं गणपती मंदिर, मिरजेचा मीरासाहेब दर्गा, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं मिशन हॉस्पिटल आणि जवळची चर्चं, दक्षिणेकडून आलेली जुनी जैन परंपरा, सगळं दहा-बारा किलोमीटरच्या आत. दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत दरवर्षी रात्रभर गाणं होतं आणि ऐकणाऱ्यांत कोण कुठल्या धर्माचा हे कुणी विचारत नाही. मात्र हे ऐकून "सगळे धर्म शेवटी एकच" असं म्हणून मोकळं होणं मला अभ्यासाचा आळस वाटतो. एकच असतील तर तुलना कशाला करायची?

अभ्यासकाची खरी कसरत वेगळी आहे. समोरच्याची श्रद्धा खरी की खोटी हा निवाडा काही काळ कंसात ठेवायचा आणि त्याला जग कसं दिसतं ते त्याच्या जागेवरून पाहायचं. मग बाहेर येऊन विचार करायचा. धर्मांचे अभ्यासक विल्फ्रेड कॅन्टवेल स्मिथ यांनी यासाठी एक कडक कसोटी दिली: एखाद्या धर्माबद्दल तुम्ही जे सांगाल ते त्या धर्माच्या माणसाला "हो, आमचं असंच आहे" म्हणून ओळखता आलं पाहिजे. वर्गात प्रत्येक धर्माची मुलं समोर बसलेली असतात तेव्हा ही कसोटी रोज लागते.

स्मिथ यांनी १९६२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: रिलिजन ही वेगळी बांधलेली, नाव लावलेली वस्तू आहे, ही कल्पनाच बऱ्यापैकी अलीकडची आणि पाश्चात्त्य आहे. मराठी माणसाला हे पटकन कळेल. आपण 'हिंदू धर्म', 'इस्लाम धर्म' म्हणतो तसंच शेजारधर्म, राजधर्म, मातृधर्म म्हणतो. एकाच शब्दात पंथही आला आणि कर्तव्यही आलं. भाषांतर करताना हा शब्द सारखा हातातून निसटतो. या लेखात तो पुन्हा एकदा निसटणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

मग असा प्राध्यापक आयुष्यभर करतो काय? खूप वाचतो, हळू वाचतो, आणि शक्य तितकं मूळ भाषेत वाचायला धडपडतो. संस्कृत, पाली, जर्मन, फ्रेंच, डॅनिश, अरबी. सगळ्या कुणालाच येत नाहीत, पण प्रत्येक न येणारी भाषा कुठे आडवी येते हे त्याला माहीत असावं लागतं. आपल्या भागात याचा मोठा वारसा आहे. गुरुदेव रा. द. रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख आणि पुढे कुलगुरू झाले, त्याआधी काही काळ ते सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकवत होते. सातारा जिल्ह्यात वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्राज्ञपाठशाळेत घडले. पारंपरिक पंडित असूनही त्यांनी आपल्याच धर्माची कठोर समीक्षा लिहिली आणि मराठी विश्वकोशाचं काम वाईतून उभं केलं. आज आपण मराठीत हे विषय बोलू शकतो त्यामागे त्या मंडळींनी घासून तयार केलेले शब्द आहेत.

रानडे अस्तित्ववादी नव्हते. पण महाराष्ट्रातल्या संतांच्या साक्षात्कारावर त्यांनी १९३३ मध्ये जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात तुकारामांच्या तळमळीच्या काळाला त्यांनी 'आत्म्याची काळरात्र' ही कल्पना लावली. ही कल्पना स्पेनमधल्या सोळाव्या शतकातल्या संत जॉन ऑफ द क्रॉस यांची. देहूचा वाणी आणि स्पेनचा संन्यासी एका ओळीत! तुलना म्हणजे काय हे इथे शिकता येतं, आणि तिचा धोकाही. जॉन यांना त्यांच्याच संघातल्या लोकांनी तोलेदो शहरात कोंडून ठेवलं होतं. तुकारामांच्या घरात दुष्काळ शिरला होता. बायको 'अन्न अन्न' करत गेली हे त्यांनीच अभंगात सांगितलं आहे. दोघांनाही देव दिसेनासा झाला, इथपर्यंत साम्य. पण जॉन यांच्याकडे ती रात्र देवाने मुद्दाम आणलेली, शुद्धीची पायरी आहे. तुकाराम मात्र विठ्ठलाशी भांडतात, त्याला जाब विचारतात. 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन' म्हणणारा माणूस रात्र सोसत बसलेला नाही. मला रानड्यांची तुलना मोलाची वाटते, पण साम्य दाखवून झाल्यावर असा फरकही उघडा ठेवला तरच.

आता माझ्या वर्गातली गोष्ट सांगतो, कारण हे दोन विषय एका माणसाने का शिकवावेत ते मला तिथे कळलं.

किर्केगार्ड यांचा १८४३ चा एक ग्रंथ आहे, 'भय आणि कंप'. टोपणनावाने लिहिलेला, आणि नावातच मौन आहे: योहानेस द सिलेन्टिओ. विषय बायबलमधला. देव अब्राहामला सांगतो, तुझा मुलगा इसहाक मला अर्पण कर. अब्राहाम तीन दिवसांची वाट चालून डोंगराकडे निघतो. मुलगा विचारतो, लाकडं आहेत, विस्तव आहे, कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, देव बघून घेईल. किर्केगार्ड यांचं सगळं लक्ष या न बोलण्यावर आहे. तानाजी मालुसरे मुलाचं लग्न बाजूला ठेवून कोंढाण्यावर गेले, ही कथा आपल्याला कळते, कारण घरापेक्षा स्वराज्य मोठं हे सगळ्यांना समजतं. अब्राहामला असं कुणालाच समजावून सांगता येत नाही. या बळीने कुठलं राज्य वाचणार नसतं, की कुठलं गाव. लोकांच्या भाषेत तो खुनी ठरेल. श्रद्धा माणसाला इतकं एकटं पाडते, असं किर्केगार्ड म्हणतात.

कित्येक वर्षं मी हे असंच शिकवलं, जणू ही कथा जगात एकदाच आणि एकाच तऱ्हेने सांगितली गेली आहे. एका पावसाळ्यात मिरजेचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आमच्यात अब्बा मुलाला विचारतात."

तो बरोबर होता. कुराणाच्या ३७ व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, इब्राहिम मुलाला स्वप्न सांगतात आणि तुझं काय म्हणणं आहे असं विचारतात. मुलगा म्हणतो, तुम्हाला जी आज्ञा झाली ती करा, मी धीर धरीन. तिथे मुलाचं नाव नाही; मुस्लिम परंपरा बहुतांशी त्याला इस्माईल मानते, आणि बकरी ईद त्याच आठवणीची. म्हणजे किर्केगार्ड यांनी ज्या मौनावर एवढी इमारत चढवली ते मौनच इथे नाही. बाप एकटा नाही. दोघं मिळून शरण जातात. श्रद्धा एकटं पाडतेच, हे मी सर्वांच्या वतीने सांगत होतो. ते एका कथेच्या एका सांगण्याचं मर्म होतं.

पाठोपाठ मागच्या बाकावरची शिराळ्याची मुलगी म्हणाली, "आणि चिलया बाळ?"

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी श्रियाळ षष्ठी येते, म्हणून तिच्या घरी ती कथा ताजी होती. 'शिवलीलामृता'च्या चौदाव्या अध्यायात ती आहे. श्रियाळ राजा आणि चांगुणा कुठल्याही अतिथीला विन्मुख पाठवत नाहीत. शंकर अतिथी होऊन येतो आणि त्यांच्या चिलयाचंच मांस मागतो. आई मुलाचं मस्तक उखळात कांडते, आणि अतिथीची अट अशी की डोळ्यांतून टिपूस पडता कामा नये. म्हणून ती ओव्या म्हणत कांडते. आमच्या आज्या हा भाग म्हणताना चांगुणेच्या वाटचं स्वतः रडत. शेवटी मुलगा जिवंत परत येतो, तिन्ही कथांत मुलगा वाचतोच.

मी फळ्यावर तीन रकाने आखले आणि तो तास मुलांनीच चालवला. चांगुणेला आपण काय करतोय हे सगळ्यांना सांगता येतं. अतिथीचा मान राखायचा हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे ती तानाजीच्या बाजूची? पण मागणीच इतकी भयंकर आहे की कुठलंच कर्तव्य तिला पुरं पडत नाही. मग ती अब्राहामच्या बाजूची? तो मघाचा निसटणारा शब्द इथे परत आला. अब्राहामकडे देवाची आज्ञा एकीकडे आणि माणसांची नीती दुसरीकडे, असा सामना आहे. चांगुणेकडे अतिथिधर्म आणि मातृधर्म समोरासमोर उभे आहेत, आणि दोन्ही धर्मच आहेत. किर्केगार्ड यांची चौकट तिथे बसत नाही. ती चुकीची आहे असं नव्हे, ती एका अंगणात तयार झालेली आहे. हे कळायला दुसरं अंगण बघावं लागलं.

असं उशिरा कळणं मोठमोठ्यांच्याही वाट्याला आलं आहे. पॉल टिलिक हे अस्तित्ववादी वळणाचे ख्रिस्ती विचारवंत. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात धर्मगुरू होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना फ्रँकफुर्टच्या विद्यापीठातून काढलं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी अमेरिकेत नव्या भाषेत शिकवायला सुरुवात केली. माणसाला ज्याची सगळ्यात शेवटची, सगळ्यात खोल ओढ असते ती त्याची श्रद्धा, ही त्यांची व्याख्या. १९६० मध्ये ते जपानला गेले, बौद्ध अभ्यासकांशी बोलले. मग शिकागोत धर्मांच्या इतिहासाचे अभ्यासक मिर्चा एलियाद यांच्याबरोबर दोन वर्षं त्यांनी एकत्र अभ्यासवर्ग घेतला. १२ ऑक्टोबर १९६५ ला त्यांनी जे शेवटचं व्याख्यान दिलं त्याचा विषयच हा होता की ख्रिस्ती धर्मविचाराला जगातल्या इतर धर्मांच्या इतिहासाची गरज काय. तोवर तीन खंडांचं त्यांचं आयुष्यभराचं काम छापून झालेलं होतं. आता ते काम सगळ्या धर्मांशी बोलत नव्याने करायला हवं, अशी त्यांची ओढ होती. दहा दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, ते गेले. ते व्याख्यान मी निवृत्तीच्या वर्षी पुन्हा वाचलं.

त्या दिवशी वर्गात तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नव्हतं. शिराळ्याचीच मुलगी फळ्यावरच्या पहिल्या रकान्याकडे बघत होती. "सर, आमच्यात कांडायला आईच आहे. इसहाकची आई कुठे होती?"

मी बायबल उघडून बघितलं. 'उत्पत्ती' या त्यातल्या पहिल्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, जिथे हे सगळं घडतं, तिथे इसहाकच्या आईचं, सारेचं, नाव नाही. तेविसावा अध्याय तिच्या मरणाने सुरू होतो. जुन्या ज्यू भाष्यकारांनी हे दोन अध्याय जोडून वाचले आहेत: डोंगरावर काय झालं ते तिच्या कानावर गेलं आणि तिचा प्राण गेला. मी ते मुलांना वाचून दाखवलं. ती मुलगी उठून फळ्यापाशी आली आणि पहिल्या रकान्यात, अब्राहामच्या खाली, तिने सारेचं नाव लिहिलं.